सुदामदादांची किंमत

जिंकणाऱ्या क्लबकडे कप साठतात, हरणाऱ्याकडे किस्से! आमच्या पूर्णेच्या जंक्शन फुटबॉल क्लबकडे कप एकच आहे, आणि त्याचाही एक कान तुटलेला आहे. किस्से मात्र यार्डातल्या मालगाड्यांसारखे एकामागे एक उभे आहेत. एकाला सिग्नल दिला की मागचे चार आपोआप हलायला लागतात.

त्यामुळे चौघं जमलो की कुणीतरी म्हणतंच, "ते सुदामदादांना विकायचं प्रकरण सांगा हो!" मग मी सांगतो. मी क्लबचा सेक्रेटरी. आमच्याकडे सेक्रेटरी म्हणजे ज्याच्या घरी बॉलमध्ये हवा भरायचा पंप असतो तो. तेव्हा मधेमधे थोडी हवा भरली गेली तर सांभाळून घ्या.

*

आधी क्लबची अवस्था काय होती ते ऐका.

मैदान रेल्वे कॉलनीच्या मागे, रुळांना लागून. गोलपोस्ट म्हणजे बाभळीच्या दोन मेढी आणि वर आडवी सुतळी. बॉल सुतळीच्या वरून गेला की खालून, यावर निम्मी मॅच भांडणात जायची. उरलेली निम्मी आम्ही हरायचो.

त्या सीझनला गंगाखेडच्या टीमशी मॅच होती. कॉलनीतल्या कुणीतरी आमच्या गोलच्या मेढीला शेळी बांधून ठेवलेली. रेफरी म्हणाला, सोडा हिला. सोडून बांधायची कुठं? मालकीण तर सापडेना. आमचा गोलकीपर भीमराव म्हणाला, "राहू द्या सर, गरीब हाय." झाली मॅच सुरू.

दुसऱ्या हाफमध्ये गंगाखेडचा फॉरवर्ड आमच्या सगळ्यांना चकवून आत घुसला. त्याने किक मारायला आणि इंजिनाने शिट्टी द्यायला एकच गाठ पडली. शेळी बिथरली, तिने हिसडा मारला आणि मेढ उपटून, सुतळी ओढत ती थेट कॉलनीत! बॉल गेला, पण कुठून गेला म्हणायचं? गोलच शिल्लक नव्हता. रेफरी आधी खड्ड्याकडे बघत राहिला, मग शेळीकडे. शेवटी म्हणाला, "नो गोल."

मॅच बरोबरीत सुटली. अख्ख्या सीझनमध्ये आम्हाला मिळालेला तो एकुलता एक पॉइंट. अजूनही आमच्या पोरांना "तुमचा बेस्ट गोलकीपर कोण?" विचारलं की पोरं भीमरावकडे बघत नाहीत, कॉलनीकडे बघतात.

पण त्या शेळीमुळे लीगवाल्यांचा फोन आला. पुढच्या सीझनला लोखंडी गोलपोस्ट बसवा, जाळीसकट. नाहीतर क्लब लीगमधून बाहेर.

*

आमचे अध्यक्ष दिगंबरकाका. मूळचे झरीचे, सासऱ्याच्या जमिनीमुळे पूर्णेला स्थायिक. धंदा बैलबाजारातली दलाली. आयुष्यात त्यांनी बॉलला पाय लावलेला नाही. एकदा स्वतःचा ट्रॅक्टर आणून मैदान सपाट करून दिलं, तेव्हा पोरांनी खूश होऊन त्यांना अध्यक्ष करून टाकलं.

काकांनी हे पद मनावर घेतलं. टीमचं सिलेक्शन मीच करणार म्हणाले. पोरांना रांगेत उभं केलं, प्रत्येकाच्या पिंढऱ्या दाबून बघितल्या, प्रत्येकाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. भीमराव समोर आला तेव्हा म्हणाले, "आ कर."

भीमराव माझ्याकडे बघायला लागला. मी डोळ्यांनीच सांगितलं, कर बाबा. काकांनी दात बघितले, मान हलवली आणि मला म्हणाले, "जनावर चांगलं हाय. पण ह्याला पळायला लावू नका. ह्याला एका जागी बांधा."

तेव्हापासून भीमराव गोलकीपर आहे.

*

आता सुदामदादा.

दादा रेल्वेत गेटमन. फाटक लावायचं, गाडीला झेंडी दाखवायची, फाटक उघडायचं. वय चाळिशीच्या पुढे. किती पुढे ते विचारलं की म्हणतात, "लेट हाय, पण कॅन्सल न्हाई." टीममध्ये त्यांची जागा मैदानाच्या मध्यात. तिथून सगळ्यांना बॉल वाटायचं काम त्यांचं. आणि हे काम ते उभ्या उभ्या करायचे. एकदा एक नवीन खेळाडू वैतागून ओरडला, "दादा, पळा की जरा!"

दादा म्हणाले, "पळायला बॉल हाय की. मी कामून पळू?"

पास देण्याआधी ते डावा हात आडवा करायचे. हात दिसला की त्या दिशेला डोळे झाकून धावायचं, बॉल तुमच्या पायात येऊन पडणारच. आमचा फॉरवर्ड अस्लम सगळ्या लीगमध्ये वेगवान, पण डोकं घरी ठेवून येणारा. त्याचे सगळे गोल या हातावर झालेले.

पण या हाताची आणखी एक भानगड होती. मैदानाशेजारून गाडी गेली की दादा असतील तिथं ताठ उभे राहायचे आणि गाडीकडे हात धरायचे. हातात झेंडी नसली म्हणून काय झालं! सवय ती सवय.

एका मॅचला बॉल दादांच्या पायात असतानाच एक्स्प्रेस आली. दादांनी रुळाकडे हात केला. अस्लमला हात दिसला, तो सुसाट! त्याच्यामागे विरोधी टीमचे दोघं डिफेंडर सुसाट! तिघंही लाइन ओलांडून थेट रेल्वेच्या कुंपणाला जाऊन धडकले. इकडे मैदान मोकळं. गाडी गेली, दादांनी हात खाली घेतला, बॉल घेऊन चालत चालत गेले आणि गोल केला. चालत गेले, खोटं सांगत नाही!

अस्लम धापा टाकत परत आला. "दादा, मला हात केला अन् पास कामून दिला न्हाई?"

"तुला कुठं रे? गार्डला केला हात!"

*

ही मॅच बघायला नांदेडच्या एका मोठ्या क्लबचे सेक्रेटरी आले होते, प्रोफेसर सबनीस. आठवड्याने त्यांचा मला फोन. "तुमचा तो उभा राहणारा माणूस आम्हाला हवाय. बदल्यात काय हवं ते सांगा."

आम्हाला काय हवं होतं ते तर सगळ्या गावाला माहीत होतं. लोखंडी गोलपोस्ट!

मैदानावरच मीटिंग भरली. दादा ड्यूटीवर होते. अस्लम म्हणाला, "दादा गेल्यावर मला बॉल कोण देणार? आपण गोल कसा करायचा?" भीमराव म्हणाला, "अन् दादा राहिले तर गोल करायचा कुठं? शेळीच्या पाठीवर?" दोघांचंही बरोबर होतं. तीच तर पंचाईत होती.

शेवटी सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका रुमालाने मान पुसत म्हणाले, "घरचा जुना बैल विकू नये. पण गिऱ्हाईक दारात आलं तर त्याला माघारी बी धाडू नये."

मी म्हणालो, "काका, म्हणजे विकायचं का न्हाई?"

"मी दलाल हाय, सेक्रेटरी. मला दोन्हीकडनं बोलायची सवय हाय."

मग अस्लमने व्हॉट्सॲप ग्रुपवर मत टाकायला सांगितलं. 'दादांना विकायचं का? हो / नाही.' संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजू बरोबरीत. जेवणाच्या वेळेला मोबाईल वाजला, 'हो'ला एक मत जास्त पडलं. हा घरभेदी कोण म्हणून मी उघडून बघितलं.

सुदामदादा!

*

दुसऱ्या दिवशी मी आणि अस्लम फाटकावर गेलो. दादा फाटक लावून झेंडी हातात धरून उभे. अस्लम रडवेला झालेला. "दादा, तुमीच हो म्हणलाव? आमचा कंटाळा आला का?"

दादांनी आधी गाडी जाऊ दिली. फाटक उघडलं, बैलगाड्या, मोटारसायकली गेल्या. मग ते आमच्याजवळ येऊन बसले.

"कंटाळा न्हाई रे. पण मला एक सांगा. इतकी वर्षं खेळायलोय. जिल्ह्याच्या टीमची निवड व्हायची तवा बोरीची पोरं गेली, जिंतूरची गेली, आपल्या कॉलनीतली बी गेली. मला कधी कुणी मागितलंच न्हाई. आता केस पांढरे व्हायलेत अन् नांदेडचा एक शिकलेला माणूस फोन करून माझी किंमत विचारायलाय. विका की मला! माझी किंमत काय यायलीय ते मला बी कळू द्या."

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात दादा उठले, झेंडी काखेत धरली आणि दरडावून म्हणाले, "फक्त स्वस्तात देऊ नका, सांगून ठेवतो!"

*

इकडे अस्लमने भाजीबाजारात कुणाला तरी सांगितलं, "दादांची ट्रान्सफर फायनल!" आता पूर्णेसारख्या रेल्वेच्या गावात ट्रान्सफर या शब्दाचा एकच अर्थ, बदली! आणि बदलीइतकं दुसऱ्या कशाला इथं कुणी घाबरत नाही.

दादांची मंडळी, सुमनवहिनी, तिथंच वांगी घेत होत्या. वांगी तशीच टाकून त्या थेट दिगंबरकाकांच्या दारात. डोळ्याला पदर.

"काका, तुमची लय ओळख हाय. कुणाला बी फोन लावा, पण आमच्या मालकाची बदली थांबवा. पोरगी औंदा दहावीला हाय. क्वार्टर सोडून मी कुठं जाऊ?"

काका म्हणाले, "सुमनबाई, कामून रडायलाव? कोण म्हणलं बदली हाय? बदली-बिदली काही न्हाई. आमी त्यास्नी विकायलाव फक्त!"

वहिनींनी डोळ्याचा पदर काढला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे क्वार्टर सोडावं लागत न्हाई ना?"

"न्हाई."

"मग विका."

पदर सारखा करून त्या निघाल्या. दारापर्यंत जाऊन परत वळल्या. "अन् काय यायलंय बदल्यात?"

"लोखंडी गोलपोस्ट."

"जाळीसकट घ्या. लोक मागून जाळी देत न्हाईत."

*

सौद्याच्या दिवशी प्रोफेसर सबनीस इस्त्रीच्या कपड्यांत पूर्णेला उतरले. कडुनिंबाखाली सतरंजी अंथरली होती. चहा झाला. मी बोलायला तोंड उघडलं तर काकांनी मला हातानेच गप्प केलं. "सौदा अध्यक्ष करत असतो."

बैलबाजारात किंमत तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली जातात आणि बोटं दाबून भाव ठरतो. बाजूला उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. काकांनी खांद्यावरचा रुमाल काढला, प्रोफेसरांच्या हातावर टाकला आणि आत हात घालून त्यांची चार बोटं दाबली. दोन गोलपोस्टचे मिळून चार खांब, हिशेब सरळ होता.

प्रोफेसरांना वाटलं, ही इकडची स्वागताची पद्धत असावी. माणूस सुसंस्कृत. त्यांनी काकांचा अख्खा पंजा धरून प्रेमाने दाबला.

काका ताडकन उठले. "पटलं! पाच!"

"पाच काय?" प्रोफेसर घाबरले.

"खांब! पाच खांब!"

"अहो, पण गोलपोस्टला चारच लागतात..."

"ते पंजा दाबायच्या आधी बघायचं सर!" काका म्हणाले. मग माझ्या कानाशी येऊन, "मी चारच मागितले होते. ह्यानं आपल्या तोंडानं... आपल्या हातानं पाच केले. अख्ख्या जिंदगीत असं गिऱ्हाईक बघितलं न्हाई."

प्रोफेसर शब्दाला पक्के, म्हणजे पंज्याला पक्के निघाले. चार दिवसांत टेम्पो आला. पाच खांब, वरच्या आडव्या दांड्या आणि जाळी. वहिनींनी स्वतः येऊन जाळी ताणून बघितली.

दादा ड्यूटी संपवून आले. त्यांनी विचारलं, "किती आलेत?"

"पाच," मी म्हणालो.

"चार लागतात ना?"

"व्हय. एक तुमचा जादा."

दादा वळले आणि कॉलनीच्या दिशेने चक्क पळत सुटले, घरी सांगायला. इतक्या वर्षांत आम्ही त्यांना पळताना पहिल्यांदा बघितलं.

*

पण विकून माणूस जातो कुठं? दादांची नोकरी पूर्णेची, क्वार्टर पूर्णेचं. नांदेडला फक्त सुटीच्या दिवशी, सकाळच्या गाडीने जाऊन रात्रीच्या गाडीने परत. बाकी रोज संध्याकाळी आमच्याच मैदानावर! फक्त प्रोफेसरांनी बजावलेलं, आता नांदेडच्या खेळाडूने पूर्णेच्या प्रॅक्टिसमध्ये उतरायचं नाही. दादा नियमाचे माणूस. लाइनच्या आत पाऊल टाकायचे नाहीत.

पाचव्या खांबाचं काय करायचं ते कुणाला सुचत नव्हतं. काकांनी तो लाइनच्या बाहेर, दादा उभे राहायचे तिथं, गाडून टाकला. मी विचारलं, "हा कशाला काका?" म्हणाले, "खुंटा हाय. असू द्या."

मग दादांना एक नाद लागला. एक जुना बॉल घ्यायचा, लांब जायचं आणि त्या खांबावर मारायचा. ठण्ण! आणखी लांबून. ठण्ण! कडेने, उलट्या पायाने, अंधार पडत आला तरी. ठण्ण! ठण्ण! कॉलनीतल्या बायका वहिनींकडे तक्रार घेऊन आल्या की लेकरं झोपेनात. वहिनी म्हणाल्या, "आमच्या मालकाचा खांब हाय. वाजवंनात का."

एकदा अस्लम हात जोडून म्हणाला, "दादा, माणसासारखे एकदा तरी चुका की!"

दादा म्हणाले, "चुकायला बी सवय लागत असती रे. मला न्हाई."

*

आणि हा शेवटचा.

सीझनची आमची शेवटची मॅच पूर्णेत, नांदेडशी. दादांशिवाय आम्ही कसेबसे तरंगत होतो. ही मॅच बरोबरीत सुटली तरी क्लब लीगमध्ये राहणार होता. हरलो की बाहेर. मग लोखंडी गोलपोस्टवर कॉलनीतले कपडेच वाळत पडणार होते.

दादा नांदेडची निळी जर्सी घालून आले. आमच्या प्रत्येकाला भेटले, पाठीवर हात ठेवला. काकांच्या पाया पडले. मग गेले आणि नांदेडकडून असे खेळले की आमच्या पोरांना बॉल दिसेना. भीमराव इकडून तिकडे लोळत होता. अंगाने, तोंडाने, एकदा तर बसल्या बसल्या पाठीने त्याने बॉल अडवला. शून्य-शून्य. घड्याळ बघून बघून माझी मान दुखायला लागली.

अगदी शेवटच्या मिनिटाला दादांचा हात आडवा झाला, नांदेडचा फॉरवर्ड त्या दिशेने सुटला आणि बॉल बरोबर त्याच्या पायात. भीमरावला काही सुचेना, त्याने सरळ त्याचा पायच धरला. पेनल्टी!

नांदेडच्या पोरांनी बॉल दादांच्या हातात दिला. दुसरं कोण मारणार?

अस्लम मैदानात खाली बसला. काकांनी तोंडावर रुमाल घेतला. पलीकडे कॉलनीतल्या बायकांत सुमनवहिनी उभ्या होत्या, त्यांनी जाळीकडे बघितलं आणि मान फिरवली.

दादांनी बॉल ठेवला. मग चालत चालत गोलपर्यंत गेले आणि बाजारात मडकं वाजवून बघतात तसं बोटांनी खांबावर टकटक केलं. भीमरावला काही कळेना. दादा परत आले, किक मारायला मागे सरले, आणि इंजिनाची शिट्टी झाली.

दादा जागच्या जागी ताठ. हात आडवा. मालगाडी होती, लांबलचक. रेफरीने शिट्टी तोंडातून काढली. नांदेडची टीम थांबली, आमची थांबली, प्रोफेसर थांबले. एकेक डबा सावकाश गेला. शेवटी गार्डचा डबा आला, गार्डने झेंडी दाखवली आणि दादांनी हात खाली घेतला.

मग दोन पावलं, आणि किक.

ठण्ण!

असा आवाज की यार्डापर्यंत गेला असेल. बॉल खांबावर आदळून सरळ मागे आला, दादांच्या पायाशी. दादांनी त्याला हात लावला नाही, पाय लावला नाही. रेफरीने लांब शिट्टी मारली. मॅच संपली. आमची पोरं भीमरावच्या अंगावर पडली, काकांचा रुमाल हवेत गेला, आणि खांब अजून गुणगुणतच होता.

प्रोफेसर सबनीस धावत आत आले. रागाने त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला. "सुदामराव! एवढा मोठा गोल समोर, अन् तुम्ही बॉल खांबावर मारलात?"

दादांनी निळ्या जर्सीच्या बाहीने घाम पुसला.

"माझीच किंमत हाय सर," ते म्हणाले. "वाजवून बघितली. खणखणीत हाय."